मेणवलीचा वाडा आणि आजीचं दप्तर

मे महिन्यात आईला घेऊन वाईला गेले होते. आमचा वाडा, म्हणजे आईचं माहेर, पाडला त्याला आता तीन वर्षं होतील, तिथे चार मजली बिल्डिंग उभी राहिलीय, मामाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याची वास्तुशांत होती. आई जाईल की नाही असं मला वाटत होतं पण ती दोन दिवस आधीपासून तयारीत होती, मामाला शर्टपीस, मामीला साडी, नारळ, सगळं घेऊन ठेवलेलं. कार्यक्रम छान झाला, मामाने प्रेमाने केलं सगळं, पुरणपोळ्या झाल्या, आणि आम्ही निघताना मामा आतून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आला. म्हणाला, "अक्का, हे आईचं आहे, वाडा पाडताना माळ्यावर मिळालं, तीन वर्षं भाड्याच्या घरात सांभाळलं पण आता इथे ठेवायला जागाच नाही बघ." आईने काही न बोलता ट्रंक घेतली. गाडीच्या डिकीत ठेवली. मग गाडीत बसल्यावर म्हणाली, "पुण्याला नको लगेच, मेणवलीला जाऊ."

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. लहानपणी सुट्टीत आजोळी आलो की एक दिवस मेणवली ठरलेली असायची, बैलगाडीने नाही पण चालत, आजी पुढे, आम्ही पोरं मागे, आणि डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. तेव्हा आमच्यासाठी मेणवली म्हणजे घाट. कृष्णेवरचा तो अर्धगोल दगडी घाट, त्याच्या पायऱ्यांवरून धावायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळची ती मोठी घंटा बघायची. वाड्यात जायचा आम्हाला कंटाळा यायचा. अंधार, थंड फरशी, वटवाघळांचा वास. आजी मात्र दरवेळी आत जायची, एकेका चौकात उभी राहून वर बघायची. आम्हाला वाटायचं देवाला नमस्कार करतेय. ती आढं बघायची, तुळया बघायची, हे मला परवा कळलं.

आधी घंटेबद्दल सांगते, कारण तिच्याजवळ मी जास्त वेळ उभी राहिले. पंचधातूची, बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती तिच्यावर कोरलेली, आणि १७०७ साल. वसईची ही घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणी देवळांत लागल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे तीही त्यातलीच म्हणतात. म्हणजे जी घंटा वसईत प्रार्थनेसाठी वाजत होती ती इथे शंकराच्या दारात येऊन टांगली गेली आणि आज इतकी वर्षं झाली, तिथेच आहे. आमची आजी त्या मेरीला नमस्कार करायची. "लेकुरवाळी आहे," एवढंच म्हणायची. मी परवा बोट फिरवून बघितलं, धातू उन्हाने तापला होता तरी कोरीव भागातल्या खाचा गार लागत होत्या, आणि मेरीच्या चेहऱ्याच्या रेषा हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात. किती जणींनी लेकुरवाळी म्हणून हात लावला असेल.

तर वाडा. नाना फडणवीसांचा वाडा म्हणून सगळे ओळखतात आणि ते बरोबरच आहे. १७६८ च्या डिसेंबरात औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव त्र्यंबक आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी नानांना मेणवली गाव दिलं, मग नानांनी गाव वसवलं, वाडा बांधला, घाट बांधला, विष्णूचं आणि मेणेश्वराचं देऊळ बांधलं. वाडा, घाट, देऊळ असं तिन्ही एकत्र आणि बऱ्यापैकी शाबूत अशी जागा आता महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरलीय. सहा चौकांचा वाडा आहे, भोवती तटासारखी भिंत, मागच्या बाजूने थेट नदीवर उतरता येतं. भिंतींवर जुनी रंगीत चित्रं आहेत, देवादिकांची, आणि रंग अजून कळतात. पुण्यात शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळला, आज आपण तिथे जोती आणि कारंजी बघतो आणि बाकीचं मनात बांधतो. मेणवलीला मनात बांधावं लागत नाही. खांब आहेत, कडीपाट आहे, जिना आहे, उंबरा आहे.

हा उंबरा बघा कधी गेलात तर. मधोमध झिजून खोलगट झालाय, दोन्ही कडांना मूळची उंची आणि मध्ये बशीसारखा खळगा. आई तिथेच थांबली. वाकली, खळग्यात तळवा ठेवला, आणि म्हणाली आपल्या माजघराचा पण असाच होता, आठवतो का. मला आठवत होता. मी त्या खळग्यात बसून भातुकली खेळायचे, पाणी सांडलं की त्यात साठायचं. वाडा पाडला तेव्हा ते लाकूड कुठे गेलं कुणास ठाऊक, जुनं सागवान घेणारे लोक येतात, ट्रकमध्ये भरून नेतात, खांब हॉटेलात लागतात. उंबऱ्याचं काय करत असतील?

मला खरं तर ज्या माणसाबद्दल बोलायचंय ती नाना नाही. जिऊबाई. नानांची बायको.

नाना १७४२ साली साताऱ्यात जन्मले. घराणं भानू, मूळ कोकणातल्या वेळासचं. पानिपतात ते गेले होते, १८ वर्षांचे होते, कसेबसे वाचून परत आले आणि त्या धावपळीत आई गमावली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे बारभाई, सवाई माधवराव, पुण्याचं राजकारण, चाळीस वर्षं हा माणूस कारभारात बुडालेला. मेणवलीला ते किती राहिले असतील? कामं पुण्यात, माणसं पुण्यात, वाडेही पुण्यात. १३ मार्च १८०० ला ते पुण्यातच गेले. आणि ते गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाने त्यांची सगळी मालमत्ता जप्त केली, त्यात मेणवलीचा वाडाही आला.

जिऊबाई तेव्हा अगदी कोवळ्या वयाची होती. नवरा गेला, घर गेलं. ती लोहगडावर गेली, नानांचा विश्वासू माणूस धोंडोपंत नित्सुरे तिथे गड धरून बसला होता. लोहगडावर आपण पावसाळ्यात ट्रेकला जातो, धुक्यात भजी खातो, फोटो काढतो, आणि तिथे ही पोर, विधवा, पेशव्याची नजर तिच्या नवऱ्याच्या पैशावर, खाली काय चाललंय त्याची बातमी येईल तशी ऐकत बसलेली. १८०४ च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तिला संरक्षण देऊन गडावरून पनवेलला नेऊन पोचवलं, वर्षाला १२ हजार रुपयांची नेमणूक ठरली. पुढे मेणवलीचा वाडा तिला परत मिळाला. आणि मग ती १८५४ साली जाईपर्यंत तिथेच राहिली.

१८०० ते १८५४. ५४ वर्षं झाली नाना गेल्यानंतरची. पेशवाई संपली १८१८ ला. शनिवारवाडा जळाला. साताऱ्याचं राज्य खालसा झालं. ती गेली त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. हे सगळं होईपर्यंत ही बाई होती, आणि आयुष्याचा केवढा तरी काळ या सहा चौकांत. तिच्यानंतर वाडा नानांच्या वारसांकडे आला तो आजपर्यंत. म्हणजे मधली ती कडी तिची आहे. ती पनवेललाच राहिली असती, नेमणुकीवर आरामात, तर कोण काय म्हणणार होतं? वाडा कुणा सरदाराला गेला असता, कचेरी झाली असती, किंवा नुसताच पडला असता, लाकडाचं घर चार पावसाळे बघणारं कुणी नसेल तर बसतं हो खाली. पण वाडा मिळाल्यावर ती परत येऊन राहिली. मला हे फार मोठं वाटतं. बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं आणि ते लागावंच, पण आपण जो बघायला जातो तो नुसता बांधलेला वाडा नाही, तो राहिलेला वाडा आहे. आणि राहिली ती.

आमच्या वाड्यालाही पणजोबांच्या नावाने ओळखायचे. पणजोबांनी बांधला, चार खणी, एक चौक, मागे परसू आणि विहीर, मेणवलीपुढे काहीच नाही. आजोबा नोकरीनिमित्त कायम बाहेर, सांगली, सोलापूर, शेवटी मुंबई, सुट्टीत यायचे. दोघं दीर मुंबईला. वाड्यात आजी. सासूचं आजारपण तिने काढलं, तीन मुलं तिथे वाढवली, कृष्णाबाईच्या उत्सवात आमच्या आळीच्या जेवणाला पंचवीस पंचवीस पायल्या तांदूळ निवडायला बायका आमच्या ओसरीवर बसायच्या. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या हिश्शाला प्रॉपर्टी कार्डावर आजीचं नाव लागलं. त्याच वेळी आईने आणि मावशीने हक्कसोड करून दिलं, आपल्याकडे करतातच तसं, भाऊ आहे, माहेर राहिलं पाहिजे, असं म्हणून सही. आईला तेव्हा कुणी सक्ती केली नव्हती. पण तिला कुणी विचारलंही नव्हतं, कागद समोर आला आणि बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. मग आजी गेली आणि वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं, तेव्हा चुलत मामा, मामा, सगळ्यांच्या मिळून अकरा सह्या लागल्या. त्यात आईची नव्हती. जी मुलगी दर मे महिन्यात आजीबरोबर शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं चाळून घेताना, उभी राहायची तिची सही लागत नव्हती. मामाचा यात दोष आहे असं मी म्हणत नाही, एकट्या माणसाला एवढं जुनं घर सांभाळणं म्हणजे काय ते मी बघितलंय, वाळवी, गळती, घरपट्टी, आणि वाटेकऱ्यांपैकी एकजण पैसे देईल तर शपथ. पण ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

वाडा बघून आम्ही घाटावर येऊन बसलो. पाणी बरंच खाली गेलेलं, पलीकडे म्हशी, झाडाखाली सावली. आई म्हणाली ट्रंक आण. एवढ्या उन्हात मी गाडीपर्यंत जाऊन ती ट्रंक घेऊन आले आणि घाटाच्या पायरीवर ठेवली. कुलूप नव्हतंच, कडीला सुतळी बांधलेली.

मला वाटलं होतं साड्या असतील, जुने फोटो असतील. आत कागद होते. लाल मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेले गठ्ठे, एकेका गठ्ठ्याला नाडी. घरपट्टीच्या पावत्या, १९५३ पासूनच्या. विजेचं मीटर बसवल्याचा कागद. विहीर उपसल्याचा हिशोब. आणि शाळेच्या वह्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, मुलांच्या अर्ध्या वापरलेल्या, पुढे मामाचं गणित नि मागून आजीचं अक्षर. आजी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं, टपोरं, ओळ सोडून वर जाणारं.

मेणवलीच्या वाड्यातही कागद होते, हे इतिहास वाचणाऱ्यांना माहीत असेल, मेणवली दप्तर म्हणतात त्याला. मोडीतले नानांच्या कारभाराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ते बघितले, वापरले, त्यामुळे पेशवाईचा केवढा तरी इतिहास उजेडात आला. आता विचार करा, ते रुमाल नाना गेल्यावर इतकी वर्षं कुठे होते? या वाड्यात. लाकडी वाड्यात, नदीकाठी, दमट हवेत कागद टिकवायचे म्हणजे छप्पर गळून चालत नाही, उंदीर लागून चालत नाही, वर्षातून एकदा ऊन दाखवावं लागतं. घर टिकलं म्हणून कागद टिकले आणि कागद टिकले म्हणून आपण आज वाद घालू शकतो की नाना बरोबर होते की चूक.

आई वही वाचायला लागली. मोठ्याने. आधी मला ऐकू यावं म्हणून, मग स्वतःसाठीच.

"११ डिसेंबर. भूकंप. पहाटे. सगळे चौकात." हे १९६७ चं, कोयनेचा भूकंप. आई म्हणाली मला आठवतंय, थंडी होती, आईने गोधडी ओढत आम्हाला बाहेर काढलं आणि स्वतः परत आत गेली, आजीला, म्हणजे तिच्या सासूला, आणायला. त्याच्या खाली आठवड्याने लिहिलंय: "देवघराची भिंत तडकली. गवंडी ३ दिवस. चुना, वाळू, गूळ." गूळ कशाला? आईला माहीत होतं, चुन्यात घालायचा, मळायला.

मग १९७२. त्या वर्षी आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, दुष्काळ, सुकडी, लोक खडी फोडायला जात होते. आजीने लिहिलंय, "पाऊस नाही. तरी कौलं चाळून घेतली." एवढंच. त्यापुढे दोन गड्यांची मजुरी आणि "जेवायला घातलं".

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. पाऊस नाही तरी कौलं चाळून घेतली. त्या गड्यांना काम पाहिजे होतं म्हणून असेल. किंवा पाऊस येईलच अशी तिची खात्री असेल. किंवा मे महिना आला की कौलं चाळायची हे तिच्या अंगातच इतकं असेल की त्यावर विचार असा केलाच नसेल. आमच्याकडे आधी नळीची कौलं होती, ती दरवर्षी सगळी काढून, झाडून, फुटकी बाजूला करून पुन्हा बसवावी लागायची, मग हळूहळू एकेका बाजूला मंगलोरी घातली, त्याचाही हिशोब वहीत आहे, कौलं किती, फुटली किती, गाडीभाडं किती.

आपण वारसा म्हणतो तेव्हा तलवार डोळ्यासमोर येते, पगडी येते, मोडी पत्र येतं. आणि शहरातून गाडी काढून वाडे बघायला येणारे आम्ही, सिनेमाचं शूटिंग इथे झालं होतं ना, असं विचारणारे, खांबाला टेकून फोटो काढणारे, मीपण काढले. पण तो खांब टेकायला जागेवर आहे यासाठी दर मे महिन्यात कुणीतरी काहीतरी करत आलंय. ते करणाऱ्याचं नाव वंशावळीत बहुतेक नसतंच, आमच्या घराण्याची छापील वंशावळ आहे, दहा पिढ्यांची, त्यात एकाही बाईचं नाव नाही. आजीचं नाही. आईचंही नाही. मी त्या वंशावळीच्या मागच्या कोऱ्या पानावर आता लिहायला घेतलंय, आईला विचारून, मावशीला फोन करून, ज्या ज्या बायकांची नावं मिळतील ती. माहेरची, सासरची, दोन्ही. पणजीचं मिळालं. तिच्या सासूचं अजून नाही.

निघताना वाड्याची देखभाल करणारे काका भेटले. आईने त्यांना इतिहास काही विचारला नाही. थेट विचारलं, "कौलं चाळून झाली का?"

काका एकदम खुलले. म्हणाले, "व्हय ताई, चाललंय की. वानरं लई नाचत्यात, दरसाल फुटत्यात." मग पुढची वीस मिनिटं ते दोघं वर बघून बोलत होते, वळचण, पन्हळ, कुठल्या कोपऱ्यात पाणी साठतं, वासा बदलायचा तर कुठल्या लाकडाचा. आईला मी कित्येक दिवसांत इतकं बोलताना बघितलं नव्हतं. पदर खोचलेला, हात वर करून दाखवतेय, काका मान डोलावतायत. आजी चौकाचौकात उभी राहून काय बघायची ते मला तेव्हा समजलं.

ट्रंक आता आईच्या खोलीत पलंगाखाली आहे. गठ्ठे तिने एकदा गच्चीत उन्हात घातले, पुन्हा बांधले, लवंगा आणि कडुनिंबाचा पाला घालून. मी म्हटलं स्कॅन करून ठेवते, तर म्हणाली कर, पण फडकं तेच बांध.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री पाऊस आला, पुण्यात जोरदारच झाला. साडेअकराला आईचा फोन. मी घाबरले, काय झालं म्हटलं. काही नाही म्हणाली, झोप येत नाहीये, आई असती तर आत्ता भांडी ठेवत फिरत असती. मग एकदम म्हणाली, लिहून घे. मी वही घेतली, आजीचीच, तिच्यात शेवटची पानं कोरी आहेत. आईने सांगितलं ते लिहिलं. ओसरीवर डावीकडून दुसऱ्या खांबाजवळ, तिथे बादली. माजघरात तुळईच्या जोडावर, भिंतीला ओघळ यायचा, पोतं लावायचं. जिन्यावर वरून तिसऱ्या पायरीला, तिथे काही ठेवता यायचं नाही, रात्री जपून उतरायचं. स्वयंपाकघरात चुलीच्या वर धुराड्यातून, पातेलं. बाळंतिणीच्या खोलीत खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, थोडंसंच, पितळेची वाटी पुरायची.